डाळिंबी लुगड्यातली नारबोद

मी नारबोद बोलते आहे. जरा लवकर उरकते, कारण मला खांद्यावर घेऊन माणसं वेशीकडे निघाली आहेत आणि सगळ्यांच्या पुढे चाललेल्या गड्याच्या हातात आगपेटी आहे. खरं सांगते, मला फार भीती वाटते.

नागपूरकडे मला मारबत म्हणतात, आमच्या बालाघाटात नारबोद. पोळ्याला मला बांधायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गावचा खोकला, ताप, ढेकूण, मच्छर सगळं माझ्या माथी मारून वेशीबाहेर जाळायचं. दोन दिवसांचं काय ते आयुष्य. धानाच्या तणसाचं अंग, जुन्या सुपाचं तोंड. एरवी माझ्याकडे कोणी धड बघतही नाही. यंदा मात्र माझ्या नाकावरून भांडणं झाली.

त्याचं असं झालं. राजेगावच्या अलीकडच्या या गावात बाया दुपारी लीलाबाईच्या पडवीत विड्या वळायला बसतात. नागपूर-गोंदिया दुसऱ्या राज्यात गेलं आणि आम्ही मध्यप्रदेशात राहिलो, त्याला सहा-सात वर्षं झाली; पोरं शाळेत हिंदीच वाचतात. मराठी सातवी शिकलेली अशी एकटी आनंदी, गोंदियाकडून आलेली सून. तिच्याजवळ आजोबांच्या काळातली, पुठ्ठा उडालेली एक कादंबरी होती. आनंदी वाचायची आणि तिच्या वाटच्या विड्या बाकीच्या वळून द्यायच्या. पावसाळाभर हे चाललं. त्या कादंबरीत गढीवरची थोरली सासू धाकट्या सुनेला माहेरी जाऊ देत नाही, शेवटी तिला धान्याच्या कोठीत कोंडते. तिथं आल्यावर म्हणे बायांचे हात थांबले आणि त्या दिवशी विड्या निम्म्याच झाल्या. एक प्रकरण उरलं असताना पोळा आला. लीलाबाई म्हणाली, "औंदा नारबोद त्या थोरलीचीच करू. जळू दे बुढीले."

झालं. बाया पेटल्याच.

"नाक कसं सांगतलं वो पुस्तकात?"

"सरळ. अन् वर तीळ."

"तीळ गालावर होता. वाच बरं, आनंदी, पुन्हा."

आनंदीनं पान काढलं, वाचलं, आणि माझं नाक तिसऱ्यांदा बदललं. गणपतीच्या मूर्तीवर कोणी एवढी मेहनत घेत नसेल. कपाळाला रुपयाएवढं कुंकू लागलं. राहिलं लुगडं. पुस्तकातल्या थोरलीचं लुगडं डाळिंबी, हिरव्या काठाचं. तसं आणायचं कुठून?

"माह्या घरी हाय," कमला म्हणाली आणि पळत जाऊन घेऊन आली.

ही कमला सगळ्यांत जीव लावून ऐकणारी, आणि का ऐकणार नाही? तीन वर्षं तिला तिजाला, म्हणजे हरतालिकेच्या सणाला, माहेरी धाडलेलं नाही. तिचा भाऊ तेजराम दरसाल न्यायला येतो, पाणी पितो आणि एकटाच परत जातो. सासू गोदाबाई एक शब्द बोलत नाही, फक्त नाही म्हणून मान हलवते. लुगडं गोदाबाईचंच होतं, नवरा गेल्यापासून पेटीत पडलेलं. कमलाच्या मनात पाप नव्हतं. तिला थोरली हुबेहूब व्हायला हवी होती, एवढंच. पण जित्या माणसाचं वस्त्र नारबोदीला नेसवून जाळलं, तर ते माणूसही तिच्यामागून जातं, असं इथं मानतात. त्या नादात हे एकीलाही आठवलं नाही. मला आठवलं, पण मला विचारतो कोण?

आज सकाळी गोदाबाई पडवीशी आली आणि तिनं मला पाहिलं. ती खाली मातीतच बसली. मी आगीला भ्यालेली, ती मला भ्यालेली. दोघी एकमेकींकडे बघत राहिलो.

"मले जित्तेपणीच जाळून राह्यली का, कमला?"

कमलाला वाटलं, आता कसला तिजा, घराचं दारच बंद व्हायचं. "आई, पुस्तकात तसंच लुगडं होतं," एवढंच ती कशीबशी बोलली.

"पुस्तक मले ठाऊक हाय. कुडामागून रोज ऐकलं म्या."

गोदाबाई आनंदीकडे वळली. "शेवटी काय होते सुनेचं?"

आनंदीनं शेवट आधीच वाचून ठेवला होता. "कोठी उघडतात, काकू. ते मेली असते."

"अन् थोरलीनं कोंडलं काहून तिले?"

"ते नाही लिहिलं. दुष्ट होती म्हणून."

"लिहिणाऱ्याले ठाऊक नसन," गोदाबाई म्हणाली. "मी सांगते. भेव लागते. एकुलता एक पोरगा. सून माहेरी गेली अन् तिकडंच राह्यली, तं तोही जाते मागून. मंग बुढीनं भिताडासंग बोलावं का?"

गोदाबाई उठली. माझं लुगडं तिनं स्वतःच सोडलं, झटकलं, घडी घातली आणि कमलाच्या हातात दिलं. "उद्या तेजराम येईन. धुऊन घे अन् हेच नेसून जाय तिजाले."

दोन पावलं गेली आणि मागं न बघता म्हणाली, "ये मात्र."

मला मग बारदान गुंडाळलं आणि उचललं. वेस आता आलीच. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच; मी जन्मात कोणाला कोंडलं नाही. सगळे ओरडताहेत, "खोकला घेऊन जा गे नारबोद, ताप घेऊन जा." नेते बाबांनो. गोदाबाईचं भेवही नेलं असतं, पण ते तणसाच्या अंगाला झेपेल असं वाटत नाही. माझी स्वतःची भीती तर कोणी विचारलीच नाही.

काडी ओढल्याचा आवाज आला. तिजा परवा आहे आणि मी आजच संपते. कमला परत आली की नाही, हे प्रकरण मला ऐकायला मिळायचं नाही. तुम्ही कधी त्या बाजूला गेलात, तर वेशीबाहेर जिथं माती काळी दिसेल तिथं घडीभर थांबा आणि तेवढं मोठ्यानं सांगा.