भुऱ्यासाठी हराळी

रामकिसन वारले आणि त्यांचा भुऱ्या कुत्रा बायको द्वारकाबाईंकडं राहिला. चिकलठाण्याच्या कंपनीतून निवृत्त झाल्यापासून रामकिसन रोज सकाळी त्याला घेऊन पुंडलिकनगरात फिरायचे. बाईंना कुत्र्याची फारशी सवय नव्हती. पण तेराव्यानंतर मुलगा पुण्याला परत गेला आणि घरात हे दोघंच उरले.

एका सकाळी कोपऱ्यावरच्या रिकाम्या प्लॉटमध्ये भुऱ्या शेळीसारखा गवत खाताना दिसला. बाईंना वाटलं, मालकांना जाऊन महिना झाला नाही, अन् त्यांच्या कुत्र्यावर गवत खायची पाळी आली? त्यांनी त्याला ओढत घरी आणलं आणि जिन्याखाली बांधलं. पुढ्यात दूध ठेवलं, चपाती कुस्करली. आयुष्यात पहिल्यांदा अंडं उकडलं. भुऱ्या दोन दिवस कशालाच शिवला नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मागच्या गल्लीतल्या कय्युमभाईंना बोलावलं. गुरांच्या दवाखान्यात त्यांची तीस वर्षं नोकरी झाली होती. त्यांनी भुऱ्याचं पोट दाबून पाहिलं, ओठ वर करून हिरड्या पाहिल्या.

"भाभी, हा आजारी नाय. बांधला म्हणून रुसलाय."

"मग गवत कशापायी खात होता?"

"सगळीच खातात. पोटभर जेवलेली पण. लोक म्हणतात, उलटी काढायला खातात. पण मी बघितली त्यातली लई थोडी ओकली. खरं कारण डॉक्टरलोकांना पण पक्कं माहीत नाय. आवडत आसंल."

"म्हंजे मी उपाशी ठेवलं म्हणून नाय ना?"

"तौबा! रामकिसनभाऊ रोजच न्यायचे की त्याला त्या प्लॉटवर. मी दूध आणायला जाताना बघायचो. हा गवत खायचा, भाऊ विडी ओढायचे."

"विडी? मला तर म्हणले, चार वर्षं झाली सोडून!"

कय्युमभाईंनी जीभ चावली. बाई हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. नवरा गेल्यावर त्या मोकळ्या होऊन अशा पहिल्यांदाच रडल्या.

कय्युमभाईंनी साखळी सोडली. भुऱ्यानं अंगणाला दोन चकरा मारल्या आणि आधी अंडं खाल्लं, मग चपाती.

"एवढं करा, आता त्या प्लॉटवर नेऊ नका," निघताना ते म्हणाले. "काल तिथं तणनाशक मारलंय."

बाईंच्या अंगणात सगळी फरशी. पुढच्या रविवारी त्या खुलताबादला बहिणीच्या शेतावर गेल्या आणि बांधावरची हराळी मुळासकट काढायला बसल्या. बहीण मनकर्णाबाई बघतच राहिली.

"अगं, हिला खुरपता खुरपता आपल्या कंबरा गेल्या. अन् तू लावायला नेतीस?"

"खाणारा हाय घरी," बाई म्हणाल्या.

घरी येऊन त्यांनी पहारीनं नळाजवळच्या दोन फरश्या उचकटल्या. आता सकाळी भुऱ्या तिथं चरतो, आणि त्याचं होईस्तोवर बाई पायरीवर चहा घेत बसतात.