सेल्मरचं यंत्र चालू होईना

सोमवारी मेमोरियल डे. आमचं सगळं गाव त्या दिवशी आपापल्या माणसांच्या थडग्यांवर फुलं ठेवायला जातं, आणि गुरुवार उजाडला तरी चर्चमागच्या दफनभूमीत गवत घोट्याच्या वर आलेलं. ते गवत कापायचं काम वर्षानुवर्षं सेल्मर ट्वेटनचं. यंदा तिथल्या मातीत त्याची बायको होती. वर्ना, माझी शेजारीण आणि मैत्रीण, गेल्या पानगळीत गेली.

चर्चच्या कमिटीवरचा ड्वेन मला म्हणाला, "सेल्मरला आता झेपत नाही. शहरातल्या कंपनीला काम देऊन टाकू."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. वर्नाच्या थडग्यावरचं गवत कुणी परका येऊन कापणार, आणि सेल्मर खिडकीतून बघत बसणार! मी म्हटलं, "शनिवारपर्यंत थांब. नाहीतर माझ्याशी गाठ आहे."

मग कळलं की सेल्मर आळस करत नव्हता. त्याचं यंत्रच चालू होत नव्हतं. हे बसून चालवायचं, छोट्या ट्रॅक्टरसारखं गवत कापायचं यंत्र. मी जन्मभर शाळेची बस चालवली, रस्त्यात बंद पडली की स्वतःच बॉनेट उघडायची. पाने-पक्कडींची पेटी उचलली आणि गेले.

सेल्मर दारातच भेटला. "कॉफी घेतेस, आर्डिस?"

"नको, कशाला उगाच."

"घे की थोडी."

"नको रे, घरून पिऊन आलेय."

मिनेसोटात हे असंच चालतं. पहिल्यांदा नाही म्हणायचं, दुसऱ्यांदा नाही म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा विचारलं की 'बरं, अर्धा कप' म्हणायचं. पहिल्याच फटक्यात हो म्हणणारा अधाशी ठरतो. मी अर्ध्या कपाच्या तयारीत उभी, आणि सेल्मरने तिसऱ्यांदा विचारलंच नाही. खिशातून किल्ली काढली आणि सरळ शेडकडे चालू लागला. मला राग आला, खोटं कशाला बोलू.

शेडमध्ये तो यंत्रावर बसला, ब्रेक दाबला, पात्याचा दांडा खाली केला, किल्ली फिरवली. काही नाही. साधं टक् सुद्धा नाही.

"बॅटरी," मी म्हटलं.

"नवीन आहे."

"नवीन म्हणजे कधीची?"

"वर्नाने आणवलेली."

टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर चढली होती. खायच्या सोड्याचं पाणी ओतून तारेच्या ब्रशने घासली. यंत्राचा पुढचा दिवा लावला तर लख्ख पेटला, म्हणजे बॅटरीत जीव होता. फ्यूज काढून उजेडात धरला, शाबूत. सेल्मर पुन्हा बसला, पुन्हा काही नाही.

"ऊठ, मला बघू दे."

मी बसले, किल्ली फिरवली, आणि यंत्र धूर सोडत धडधडायला लागलं.

"तुझ्या वजनाला घाबरलं," सेल्मर म्हणाला.

"घाबरू दे. निदान कुणीतरी घाबरतंय."

बंद केलं, तो बसला. मेलं! मी बसले, चालू. आता मात्र माझं टाळकं फिरलं. "किल्ली पूर्ण फिरवतोस ना रे?"

"तू बस शिकलीस त्याच्या आधीपासून फिरवतोय."

मग माझ्या लक्षात आलं. सीटखाली एक स्विच असतो. सीटवर माणूस नसेल तर यंत्र चालू होऊ नये म्हणून.

"त्या दोन वायरी एकमेकींना जोडून टाक," सेल्मर म्हणाला. "निम्म्या गावाने तेच केलंय."

"आणि त्या निम्म्या गावाला पायाची बोटं कमी आहेत."

मी सीट उचलली. स्विच हाताने दाबला तर व्यवस्थित टक् वाजला. वायरी धड, स्प्रिंग धड. "बस पुन्हा," म्हटलं आणि गुडघे टेकून खालून बघायला लागले. सेल्मर बसला. स्प्रिंग थोडी हलली आणि मध्येच थांबली. सीट स्विचपर्यंत पोचलीच नाही.

मी मान वर करून आधी सीटकडे बघितलं, मग त्याच्याकडे. थंडीभर तो जाड कोटात होता, आता डांगरीत. डांगरीत माणूस कितीही मावतो. पण तिचे पट्टे शेवटच्या भोकापर्यंत ओढलेले होते, आणि कमरेपाशी आणखी एक माणूस शिरेल एवढी जागा होती. हाच सेल्मर चर्चच्या घडीच्या खुर्चीवर बसला की आम्ही श्वास रोखून धरायचो. दर रविवारी माझ्या पुढच्या बाकावर बसत होता, आणि मला दिसलं नाही.

"सेल्मर, तू जेवतोस का?"

"जेवतो की."

"काय?"

"टोस्ट." थोडा वेळ तो स्टीअरिंगशी चाळा करत राहिला. "कॉफी संपलीय, आर्डिस. मघाशी तू हो म्हणाली असतीस तर पंचाईत झाली असती."

वर्ना गेल्यावर आम्ही सगळ्यांनीच त्याला जेवायला बोलावलं होतं. तो नको म्हणाला, पुन्हा बोलावलं, पुन्हा नको म्हणाला. आम्हाला वाटलं, त्याला एकटं राहायचंय. तिसऱ्यांदा विचारायचं काम घरात वर्नाचं होतं, ते आपल्याकडे आलंय हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

मला रडू आलं, आणि रडू आलं की मी खेकसते. "उतर खाली!"

घरी जाऊन, नळाचं जड पाणी मऊ करायला लागतं त्या मिठाचं अख्खं पोतं ओढत आणलं, सीटवर आडवं टाकलं आणि त्याला वर बसवलं. किल्ली फिरवली. चालू!

"राजासारखा दिसतोस," मी ओरडून म्हटलं. "संध्याकाळी जेवायला ये!"

"नको, तुला कशाला त्रास!"

"ये रे!"

"नको, नको!"

मी यंत्रासमोर जाऊन उभी राहिले. "ओव्हनमध्ये हॉटडिश करतेय, सेल्मर. खिमा-बटाटे घालून. येतोस?"

त्याने गिअर टाकायला उचललेला हात तसाच ठेवला. "बरं. थोडंसं."

दुपारभर दफनभूमीतून आवाज येत होता. एकदा मध्येच थांबला. मी खिडकीशी गेले तर यंत्र बंद, आणि सेल्मर खाली उतरून वर्नापाशी हाताने गवत उपटत होता.

संध्याकाळी तो भांग पाडून आला. ताटातलं हळूहळू संपवलं.

"आणखी वाढू?"

"नको, पुरे."

"घे की."

"नको, खरंच."

तेवढ्यात ओव्हनची घंटी वाजली, म्हणून मी पाव काढायला उठले. परत वळून बघते तर सेल्मरने ताट सरकवलं नव्हतं, काटा खाली ठेवला नव्हता. हॉटडिशच्या भांड्याकडे बघत बसला होता, वाट बघत.

मी पाव तसाच ठेवून आधी पळी उचलली.