पारबताच्या वाट्याचं पुस्तक

ब्रह्मपुरीहून येताना कांताबाईंनी पुस्तकांचा गठ्ठा बसमध्ये मांडीवरच धरला होता. शहरातल्या कुणा संस्थेनं जंगलातल्या शाळांना फुकट वाटायला दिलेली, चित्रांची, गोष्टींची पुस्तकं. शहाऐंशी साल होतं. पाठ्यपुस्तकाशिवाय दुसरं पुस्तक बाईंच्या शाळेतल्या पोरांनी पाहिलं नव्हतं. बाईंनी एकेकाच्या हातात एकेक दिलं. पोरं आधी कागदाचा वासच घेत बसली. शेवटी एक उरलं.

"थे पारबताचं हाये, बाई," इसरू म्हणाला.

पारबता त्यांच्याच वर्गातली, पावसाळ्यात तापानं गेली होती. दिवाळीनंतर बदलून आलेल्या कांताबाईंनी तिला पाहिलंही नव्हतं. त्यांनी ते पुस्तक खिडकीत ठेवलं. "कुणीतरी घरी न्या," म्हटलं, तर एकही पोर हात लावेना.

मधल्या सुट्टीत पोरं जेवायला गेली की शाळा सामसूम व्हायची. मागं सागाचं रान. वाळक्या पानांवर कुणी चालल्यासारखं सतत वाजायचं. अशाच एका दुपारी विहिरीवरून परतताना बाईंना वर्गातून आवाज आला. कुणीतरी हळूहळू गोष्ट सांगत होतं. मधेच थांबत होतं, "हो, सांगते ना," म्हणत होतं, आणि पुन्हा सांगत होतं. बाईंच्या हातातली घागर जड झाली.

आत पारबताची आई, बायनाबाई, भिंतीला टेकून बसली होती. धानकापणीवरून तशीच आलेली, कमरेला विळा. मांडीवर ते पुस्तक. शेजारी तरटाचा तुकडा नीट अंथरलेला, त्यावर कुणी नाही.

"बायनाबाई, वाचता येतं तुम्हाला?"

"नाई बाई. चित्रं पाहून सांगून राह्यली. पाडस मायले सोडून रानात जाते. माय लय बोलावते. थे येत नाई."

"मी वाचून दाखवू?"

बाई तरटावर बसू लागल्या, तशी बायनाबाईनं त्यांचा हात धरला. "तिथी नका बसू." त्या पलीकडे बसल्या आणि वाचू लागल्या. शेवटच्या पानावर पाडस हरिणीच्या पोटाशी निजलं होतं. बायनाबाई त्या चित्राकडे बघतच राहिली.

"हे थेच पाडस हाये? मले वाटलं, दुसऱ्या कोनाचं हाये."

मग ती तरटाकडे वळून म्हणाली, "आयकलं न, पारू?"

"घरी घेऊन जा पुस्तक," बाई म्हणाल्या.

"घरी नाई येत पारू. इथीच येते."

कापणी संपली. बायनाबाई मजुरीला दूरच्या गावी गेली. पोरं मात्र जेवून लवकर परतू लागली आणि बाई त्यांना रोज एक गोष्ट वाचून दाखवू लागल्या. वाचताना, पान उलटायच्या आधी, त्या थोडं थांबायच्या. कुणाचं बघून व्हायचं राहिलंय, हे पोरांनी त्यांना कधी विचारलं नाही.