भित्र्याचं खाणं

आमच्या मोरीत एक बेडूक राहायचा, खरबरीत पाठीचा, शाळेच्या पुस्तकात ज्याला भेक म्हणतात तो. तांब्या वाजला तरी अंग फुगवून कोपऱ्यात जायचा, म्हणून मी त्याचं नाव भित्र्या ठेवलं. खायचा फक्त मुंग्या. दुसरं काही टाकलं की तोंड फिरवायचा. सासूबाई म्हणायच्या, घरात माणसांचे नखरे काय कमी आहेत.

पण नुसत्या मुंग्यांवर कुणाचं अंग भरतं? मी ओल्या उसातून गांडुळं आणली, गोवऱ्यांखालचे किडे आणले. भित्र्या ढिम्म. मग गांडूळ बोटात धरून मीच निमूट बसायला शिकले. एकदा त्याची जीभ बोटाला चिकटली आणि मला इतका आनंद झाला की नवऱ्याला, ललितला, फोन करून शेतातून बोलावलं. तो हसला नाही. उलट रोज उसातून नाकतोडे आणायला लागला, तेही उडीचे पाय काढून, भित्र्या दचकू नये म्हणून. लग्नानंतर हा माणूस मला खरा आवडला तो तेव्हा. हळूहळू भित्र्या आम्हा दोघांच्याही तळहातावर येऊन खाऊ लागला.

आषाढ कोरडा गेला. पाऊस यावा म्हणून आमच्या गावात, कळसाडीत, धोंड्या काढायचं ठरलं. मुसळाला कडुनिंबाचा पाला आणि जिवंत बेडूक बांधून घरोघर फिरवायचा, बायकांनी त्यावर पाणी ओतायचं. मी तांब्या भरून दारात उभी राहिले. मुसळाला भित्र्या बांधलेला होता, मागचे पाय दोऱ्यानं करकचून आवळून. ललित पुढेच चालत होता.

"हाऊ आपला शे," मी म्हणाले.

"दुसरा भेटनाच नही," तो खाली बघत म्हणाला. "हाऊ हातवर येस. पोरेसनी बांधा. सांजले सोडी देतीन."

हातावर येतो, म्हणून यानं धरून दिला आणि पोरांनी बांधला! भित्र्याची भीती मी घालवली होती. सकाळी ललित नाकतोडा घेऊन मोरीत गेला तेव्हा मी कौतुकानं त्याचा चहा झाकून ठेवला होता. मला फसवलं त्यानं, आणि माझ्याच युक्तीनं.

मी सगळ्यांसमोर मुसळ अडवलं. गाठ सुटेना. ओढून ओढून सोडवली, त्यात त्याच्या पायाचं कातडं सोललं. भित्र्या माझ्या हातात फुगला. मागून कुणीतरी म्हणालं, हिला गावाच्या पाण्यापेक्षा बेडूक मोठा. म्हणू देत.

त्यानंतर माझा हात दिसला की भित्र्या मोरीच्या भोकात शिरायचा. गांडूळ तसंच वळवळत राहायचं. एका संध्याकाळी ललित शेजारी येऊन बसला.

"आते कसाले वनात?" मी विचारलं. आता येऊन काय करणार होता तो!

नाकतोडा धरलेला हात त्यानं पुढे केला. भित्र्या लंगडत बाहेर आला, माझा हात टाळून त्याच्या तळहातावर चढला. भित्र्याच्या लेखी बांधलं परक्या पोरांनी, सोललं मी. ललितनं फक्त खाऊ घातलं होतं.

माफी मिळाल्यासारखा ललित माझ्याकडे बघून हसला.