लाइनवरची अंगाई

फोनच्या तळाशी असलेली ती बारीक छिद्रं... सूर तिथूनच येतो, आणि फोन उशीवर ठेवला की जरा मऊ होऊन येतो. जिना चढावा तसा चढतो, शेवटच्या पायरीशी अडखळतो, पुन्हा खाली येऊन पहिल्यापासून. मध्येच एक बाई सांगते की तुमचा कॉल आमच्यासाठी मोलाचा आहे. ठकूचे डोळे मिटत आले होते. पडद्यातून गाळून आलेलं दुपारचं ऊन तिच्या मनगटावर पडलं होतं, सुईनं निळ्या झालेल्या जागेवर.

विमा कंपनीला फोन लावायची वेळ आणि ठकूच्या झोपेची वेळ कधी एक होऊन गेली, कळलंच नाही. आता तिला या सुराशिवाय झोप येत नाही. "आई, कंपनीचं गाणं लाव ना." परवा सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "औषध नाही तर नाही, पाळणा तरी दिला मेल्यांनी!"

औषध... ते याच आठवड्यात तिच्या शिरेतून जायला हवं, आणि कंपनीची मंजुरी आल्याशिवाय हॉस्पिटल बाटलीला हात लावत नाही. कंपनी म्हणते, आजार पॉलिसीच्या आधीचा. दर वेळी ठकूची आई म्हणत आली होती, हो मॅडम, बरं मॅडम. आधीचा... ठकू पोटात पहिल्यांदा हलली तेव्हा मी खिडकी पुसत होते, फडकं काचेवर तसंच धरून उभी राहिले होते, हलले तर ती थांबेल म्हणून — तेव्हा तोही होता का आत, तिच्या शेजारी, गुपचूप? की त्याच्याही आधी, माझ्यातच कुठेतरी, मी शाळेच्या वाटेवर उड्या मारत होते तेव्हा... ती थोपटत होती, गुणगुणत होती. जिना चढत होता, उतरत होता. हे वाजतंय तोवर कुणी 'नाही' म्हटलेलं नाही. वाजत राहू दे...

"मॅडम?"

ती गातच होती. सूर कधीच थांबला होता. खोलीत फक्त तिचाच आवाज उरला होता.

"मॅडम, तुम्ही... आमचंच गाणं म्हणताय." पलीकडच्या मुलीला हसू आवरत नव्हतं.

"अगं बाई! मुलीला झोपवत होते हो."

"झोपली?"

"झोपली."

"कमाल आहे. आमचं तर डोकं उठतं त्यानं." मग कळफलकाची टकटक, आणि आवाज पुन्हा इस्त्री केल्यासारखा. "आजार आधीचाच दिसतोय, मॅडम. सरांना एकदा विचारून बघते. लाइनवर थांबाल?"

"थांबते. पण ऐका ना, आधीचा म्हणजे—"

सूर सुरू झाला होता.

ठकूनं झोपेतच कूस बदलली. आई मात्र या वेळी गुणगुणली नाही. न बोलावता सुराला शब्द फुटत होते... आधीचा म्हणजे कधीचा, सांगा ना, कधीचा... पायरीपायरीवर नीट बसत होते, अगदी अडखळायच्या जागेवरसुद्धा. थोपटणारा हात थांबला. तिनं फोन उशीवरून उचलून कानाशी धरला, पाठ ताठ केली. आणि इतक्या दुपारींत आज पहिल्यांदाच तिला वाटलं, थांबू दे आता हे गाणं.