नकाशाच्या पाठीमागून आलेला प्रश्न

शहाद्याच्या शाळेतला जुना जगाचा नकाशा म्हणतात तो मीच, मित्रांनो. जवळ या, खुशाल हात लावा; पण आधी माझ्या पाठीमागे कोणी उभं नाही ना, एवढं बघून घ्या.

माझा जन्म मुंबईच्या एका छापखान्यातला. चार तुकड्यांत छापला गेलो आणि सुरळी करून इकडे आलो. गावात वह्या-पुस्तकं बांधणाऱ्या जब्बारभाई जिल्दसाजांनी ते तुकडे जाड मांजरपाटावर चिकटवले. खळीत मोरचूद घातला, म्हणून आजवर कागद खाणारी कसर माझ्या वाटेला गेली नाही. वर-खाली सागाचे दांडे बसवले. हिमालय तपकिरी, समुद्र निळा, नाईल नदी बारीक रेषेची. मी दिसायला देखणा होतो. दुसरं कोणी सांगत नाही, म्हणून मलाच सांगावं लागतं.

शाळेतल्या रेवजी गुरुजींचा माझ्यावर फार जीव. सिंध प्रांतात जमिनीखालून अख्खं जुनं शहर निघाल्याची बातमी आली, तेव्हा त्यांनी माझ्यावर लाल शाईचा ठिपका दिला आणि बाजूला लिहिलं, मोहेंजोदडो. शाई वाळली, पण ती जागा मला कायम ओलसर लागायची. उन्हाळ्यातसुद्धा. मला ते आवडत नसे, पण नकाशाला कोण विचारतो!

दर वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी गुरुजी पर्वत आणि प्राचीन नगरांची स्पर्धा घेत. मला मोठ्या खोलीच्या मधोमध आढ्याला टांगत आणि स्वतः माझ्या पाठीमागे स्टुलावर बसत. समोर बसलं तर नजर उत्तराकडे जाते आणि पोरं ती ओळखतात, असं त्यांचं म्हणणं. मागून ते नाव पुकारत. पोराने लगेच ‘ओ’ द्यायची आणि विचारलेल्या जागी छडी टेकवायची. ओ दिली नाही तर बाद.

मी सांगतोय त्या वर्षी स्पर्धेला वेगळाच रंग होता. जिंकणाऱ्याला धुळ्यात राहून फुकट शिकण्याची सोय एका दानशूर गृहस्थांनी केली होती. शेवटी दोघे उरले. एक जब्बारभाईंचा मुनव्वर. दुसरा सातपुड्यातल्या पाड्यावरचा फुलसिंग. त्याचा बाप दिवाल्या दाराशी उकिडवा बसला होता. पोरगा हरला तर दिवाळीनंतर त्याला लाकूडतोडीला न्यायचं, हे त्याने गुरुजींना आधीच सांगून टाकलं होतं. फुलसिंगला ते ठाऊक होतं.

दिवस कलला. खोलीत अंधारून आलं. गुरुजी कंदील आणायला मागच्या दाराने हळूच बाहेर गेले. ते गेलेले समोरच्यांना दिसले नाहीत, मी मध्ये होतो ना. मला मात्र कळलं, कारण पाठीवरची त्यांच्या श्वासाची ऊब गेली.

आणि तरीही माझ्या पाठीमागून आवाज आला. हुबेहूब गुरुजींचा.

“फुलसिंग!”

मित्रांनो, मागे कोणी नव्हतं. स्टूल रिकामं होतं. मांजरपाटावर गार ओल पसरत गेली आणि मी भीतीने दांड्यापर्यंत ताठ झालो. फुलसिंगने मान वर केली, ओठ घट्ट मिटले आणि तो गप्प उभा राहिला.

“बाद!” समोर खुर्चीवर बसलेले परीक्षक साहेब म्हणाले.

“मुनव्वर!” आवाज म्हणाला.

“जी!” मुनव्वरने झटकन ओ दिली. उत्साही पोर ते.

“जिथे आता कोणीच राहत नाही, ती जागा दाखव.”

त्याने लाल ठिपक्यावर छडी टेकवली. मग आवाज विचारत गेला आणि मुनव्वर सांगत गेला. जी नावं कुठल्या पुस्तकात नाहीत, माझ्यावर छापलेली नाहीत, ती गावं, ते डोंगर, ते राजे. छडी माझ्या कोऱ्या भागांवर सरसर फिरत होती. त्याचे डोळे उघडे होते, पण मला ते पाहत नव्हते. साहेब खूश होऊन मान डोलावत होते. इतकी हुशारी त्यांनी पाहिली नव्हती म्हणे!

फुलसिंगला राहवलं नाही. तो पुढे धावला. “ओ नको देऊ रे भाऊ! मांगे कोणी नई शे!” असं ओरडत त्याने छडी हिसकली आणि गुडघ्यावर मोडून टाकली. मुनव्वर मटकन खाली बसला.

जब्बारभाई गर्दीतून धावत आले. “मन्हा पोऱ्याले काय व्हयनं?”

“या मुलाने दांडगाई केली,” साहेब कडाडले. “मुनव्वर जिंकला. विषय संपला.”

तेवढ्यात समोरच्या दारातून रेवजी गुरुजी कंदील घेऊन आत आले. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

“गुरुजी, प्रश्न तुम्हीच विचारत होतात ना?” साहेबांचा आवाज जरा उतरला होता.

‘हो’ म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं. साहेबांना तेच ऐकायचं होतं. गुरुजींनी कंदिलाची वात मोठी केली.

“नाही,” ते म्हणाले. “मी कचेरीत होतो. माझ्या मागे इथे जे झालं, ते स्पर्धेत धरू नये.” मग फुलसिंगकडे वळून त्यांनी विचारलं, “तू ओ का दिली नाहीस?”

“आमना पाडावर सांजले पहिली हाकले कोणी ओ देत नई, गुरुजी. तीनदा हाक मारस तोच माणूस शे. दुसरं जे राहस, ते एकदाच मारस.”

गुरुजी माझ्या पुढे येऊन उभे राहिले. कंदील त्यांनी स्वतःच्या चेहऱ्याजवळ धरला. “फुलसिंग. फुलसिंग. फुलसिंग.”

“ओ, गुरुजी!”

“बाबिलोन?”

त्याने दोन नद्यांच्या मधे बोट ठेवलं. छडी मोडलेलीच होती. मुनव्वरला विचारलं, तर त्याने नुसती मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्याला शब्द फुटला नाही. फुलसिंग धुळ्याला गेला. जाताना दिवाल्या गुरुजींच्या पाया पडला आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. मला वाईट वाटलं, पण त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

त्याला बरीच वर्षं झाली. गुरुजी बदलून गेले. स्पर्धा बंद झाल्या. मी आता अडगळीच्या खोलीत खिळ्याला लोंबकळतो, आणि वाऱ्याने हललो की माझ्यात आणि भिंतीत हातभर जागा होते. मित्रांनो, म्हणून हात जोडून सांगतो, तुमच्या शाळेतल्या जुन्या नकाशांना असं सोडून देऊ नका. त्यांची पाठ भिंतीला घट्ट लावा. मुलांना काही विचारायचं असेल तर समोर येऊन, चेहरा दाखवून विचारा. आणि एखादं पोर गप्प राहिलं, तर त्याला येत नाही असं लगेच धरू नका.

माझ्या पाठीमागचं ते अजून गेलेलं नाही. फुलसिंगचं बोलणं त्या संध्याकाळी त्यानेही ऐकलं होतं. हल्ली दिवेलागणीला ते तीनदा हाक मारतं.