एकतिसावा दिवस

सोनेरी काठाचं ते पाकीट सूनबाईला सापडलं मोज्यांच्या खणात.

"बाबा, तुमच्या सत्काराचं काहीतरी दिसतंय. टाकू?"

"टाक," वकीलसाहेब सवयीने म्हणाले. मग काय मनात आलं कुणास ठाऊक, त्यांनी ते तिच्या हातून घेतलं आणि फोडलं. आत सत्कारबित्कार काही नव्हता. विद्यापीठाच्या मंडळाचा ठराव होता. सकाळचे वर्ग या वर्षापासून बंद.

आता तुम्ही म्हणाल, वर्ग बंद झाले तर एवढं काय आभाळ कोसळलं? सांगतो. हा माणूस विशीत कोर्टात नकला उतरवायचा. दिवसभर दुसऱ्यांचे निकाल सुवाच्य अक्षरात लिहायचे. वकील व्हायची हौस दांडगी, पण कॉलेज भरायचं नेमकं कामाच्या वेळेत. रजा काढून, हातापाया पडून, परीक्षा बुडवून कशीबशी सनद मिळेपर्यंत नऊ वर्षं गेली. ती नऊ वर्षं त्याच्या मनातून कधी गेली नाहीत.

वकिलीत मात्र त्याने नाव काढलं, आणि तेही तारखांवर. दुसरे वकील साक्षीदारांशी हुज्जत घालत बसायचे, हा आधी दिवस मोजायचा. समोरच्याचा अर्ज एक दिवस उशिरा आला की खेळ खलास. लोक त्याला 'मुदतवाले' म्हणायला लागले. एकदा समोरची बाई भर कोर्टात रडली होती. "साहेब, पोर तापाने फणफणलं होतं. एकच दिवस झाला हो!" याने कागदातून मान वर न करता सांगितलं, "एक दिवस म्हणजे उशीरच." खटला जिंकला, घरी आला, पोटभर जेवला. वाईट माणूस नव्हता हं तो! फक्त माणसापेक्षा तारीख त्याला जास्त खरी वाटायची.

पन्नाशीला आल्यावर त्याने सहा मित्रांना गोळा केलं आणि एका गोदामाच्या दोन खोल्यांत वर्ग सुरू केले. सकाळी साडेसहा ते नऊ. ड्रायव्हर यायचे, टायपिस्ट यायचे, रात्रपाळी संपवून नर्स यायच्या आणि बाकावर डुलक्या घेत कायदा शिकायच्या. इमारती, ग्रंथालय, पदवीदानाचे झगे, सगळं नंतर आलं. विद्यापीठाची नियमावली त्याने एकट्याने लिहिली आणि त्यात एक कलम घातलं. मंडळाने सकाळच्या वर्गांना हात लावला, तर सात संस्थापकांपैकी कुणीही एकाने ठराव पोचल्यापासून तीस दिवसांत लेखी हरकत घ्यावी. ठराव तिथेच रद्द. आणि खाली आपलं लाडकं वाक्य जोडलं: 'एकतिसाव्या दिवशी आलेली हरकत ही हरकत नव्हेच.' या वाक्यावर स्वारी इतकी खूश होती की, येईल त्याला ते वाचून दाखवायची.

सातांपैकी सहा वारले. हा उरला, तर याचे सत्कार सुरू झाले. फोटो, गुच्छ आणि तीच तीच भाषणं. दर वेळी तसलंच सोनेरी पाकीट. वैतागून तो ती न फोडताच खणात कोंबायला लागला. ठरावही बिचारा त्याच पाकिटातून आला. संस्थापकांना साध्या पाकिटातून कसं पाठवायचं, असं कुणा शहाण्याला वाटलं असणार!

वकीलसाहेबांनी पाकिटावरची पोच तारीख पाहिली. बोटांवर मोजलं. मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोजलं. मग सूनबाईला मोजायला लावलं.

"एकतीस," ती म्हणाली.

"नीट मोज."

"एकतीसच होतात, बाबा."

"तुला मोजता येत नाही!" ते ओरडले. तिने त्यांचे बूट आणून पुढे ठेवले.

टॅक्सीत बसून, मांडीवर कागद धरून त्यांनी हरकत लिहिली. विद्यापीठाच्या कुलसचिव बाई पहिल्या तुकडीतल्या. तेव्हा त्या बसस्टँडवर तिकिटं फाडायच्या आणि तिथूनच धावत वर्गात यायच्या. सरांना दारात बघून त्या उभ्याच राहिल्या.

"सर, काल संध्याकाळी साडेसहापर्यंत दार उघडं ठेवून बसले होते मी."

"मग फोन करायचास की गं, पोरी!"

"कसा करणार? 'हरकतीबाबत कार्यालयाने संस्थापकांना काहीही सुचवू नये.' कलम तुमचंच आहे, सर."

वकीलसाहेब खुर्चीत बसले. "मोज्यांच्या खणात राहिलं गं ते," ते म्हणाले. "एकच दिवस झाला." आपलाच आवाज ऐकून ते दचकले. हे वाक्य त्यांनी आधी कुठे ऐकलं होतं, ते त्यांना चांगलंच आठवलं.

बाईंनी दार लोटलं. टेबलावरचा तारखेचा शिक्का उचलून त्याचं चाक एक घर मागे फिरवलं. मग आवक नोंदवही उघडून त्यांच्यापुढे सरकवली. कालच्या तारखेखाली, शेवटची एक ओळ कोरी होती.

"मीच सोडलीय," बाई हळूच म्हणाल्या.

म्हाताऱ्याचा जीव त्या ओळीत अडकला. एक बोटभर जागा. तेवढ्या जागेत सगळे सकाळचे वर्ग मावत होते. पण मंडळावर त्यांचाच जुना ज्युनिअर बसला होता, आणि कोरी ओळ मागाहून भरली की शाई कशी बघायची, हे त्याला शिकवणारे हेच. अशाच एका ओळीवरून त्यांनी एका कारकुनाला नोकरीतून घालवलं होतं. वर्ग वाचणार नव्हतेच, वर ही पोरगी उघड्यावर पडली असती. काय करावं माणसाने? स्वतःच्या हाताने बांधलेल्या भिंतीत त्यांनी एक फट ठेवली नव्हती.

त्यांनी तिच्या हातून शिक्का घेतला, चाक पुन्हा आजवर आणलं आणि आपल्या अर्जावर आपणच मारला.

"शेरा लिही," ते म्हणाले. "अर्ज मुदतबाह्य आहे."

"सर, मला नाही लिहवत."

"लिही. मुदतबाह्य आहे, सबब दाखल करून घेता येत नाही. 'सबब' राहिलं बघ तुझं. घाल." तिने 'सबब' घालेपर्यंत ते थांबले.

बाहेर आले तेव्हा चौकशीच्या खिडकीत कुणी नव्हतं. खिडकीशी एक नर्स उभी होती, पांढऱ्या गणवेशातच, डोळे जागरणाने लाल झालेले. म्हातारा कार्यालयातून आला, म्हणजे याला माहीत असणार, असं तिला वाटलं.

"आजोबा, सकाळच्या वर्गाचा फॉर्म हवा होता. शेवटची तारीख कधी आहे हो?"

उभ्या जन्मात तारीख विचारल्यावर हा माणूस अडखळला नव्हता. आताही त्याला ती पक्की माहीत होती.

"काल होती, बाळ," तो म्हणाला.